पाठकोरे कागद

मीटिंगमध्ये साहेबांच्या पाठोपाठ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण टेबलाखाली मृण्मयीचा पाय हलतच राहिला. तिने बसवलेल्या सॉफ्टवेअरमुळे आता कार्ड टेकवल्याशिवाय प्रिंटरमधून कागद निघत नव्हता, आणि निघाला तरी दोन्ही बाजूंनी छापलेला. रद्दीची टोपली रिकामी पडली होती.

त्याच टोपलीतले पाठकोरे कागद ती घरी नेत असे. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, तेव्हापासून ते या कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहूनच बोलत. चहा पांचट झालाय, शेजाऱ्यांचा टीव्ही फार मोठा, तू जेवलीस का. मोबाईलवर त्यांची बोटं वळत नव्हती. पाठकोरे संपले तेव्हा तिने नवं कोरं रीम आणलं.

"बाबा, लिहा ना हो यावर!"

बाबांनी ते कपाटात ठेवून दिलं. चांगल्या कागदावर चहाची तक्रार लिहिणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. आठवडा झाला, घर मुकं होतं.

मीटिंग संपून सगळे पांगले, तशी ती प्रिंटरपाशी गेली. मागे वळून पाहिलं, कार्ड टेकवलं, तिनेच अडीअडचणीसाठी ठेवलेला 'एकच बाजू' हा पर्याय निवडला, आणि आपल्याच कागदबचतीच्या अहवालाच्या भरमसाट प्रती काढल्या.

घरी बाबांनी तो गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पेन शोधून त्यांनी पहिल्याच कागदाच्या पाठीवर खसाखसा लिहिलं, "तुमच्या ऑफिसात कागदाची किंमत आहे का कुणाला?"

"मुळीच नाही, बाबा," खांद्यावरची पर्सही न काढता ती त्यांच्यासमोर बसली. "बोला, अजून बोला."