मनातली कळ

ऑपरेशनं यंत्रं करू लागल्यापासून डॉक्टर लागायचा तो चुकीची जबाबदारी घ्यायला. म्हणून मेडिकलच्या मुलाखतीत मनगटाला पट्टा बांधून, स्वतःची चूक सांगताना मनात उठणारी कळ मोजत.

यशोधन निवडला गेला, डोळे पुसतच बाहेर आला. “स्कूटरने भाजीवालीला पाडलं, तेव्हा मी मागे बसून हसलो होतो, तेवढंच सांगितलं.”

बाहेर नंबरची वाट पाहणाऱ्या केतकीचा जळफळाट झाला. मागे बसणाऱ्याला मेडिकलची सीट? लायसन्स नसताना स्कूटर तिने चालवली होती, पोलिसांनी दंड तिला केला होता!

ती तरातरा आत गेली, पट्टा बांधून घेतला. “भाजीवालीला मी पाडलं. यशोधन नुसता मागे होता!”

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पट्ट्यावरचा काटा पाहिला. “भाजीवालीचं सांगितलंस, तेव्हा हा ढिम्म होता गं. यशोधनचं नाव घेतलंस आणि उडाला.”