नावाने हाक
"या बाई, जपून," नावाडी अल्वीझे मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला आणि त्याने झानेताला हात देऊन गोंडोलात उतरवलं. व्हेनिसचं माणूस कधी हौसेने गोंडोलात बसत नाही. तेव्हा ही टोपीवाली म्हातारी परदेशी पाहुणी असणार, हे तो धरूनच चालला होता.

झानेताने त्याची चूक दुरुस्त केली नाही. सत्तर वर्षं तिने याच गल्ल्या तुडवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, पुलांच्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा मुलगी तिला खाडीपलीकडे आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. आज बारा वाजता घर विकल्याच्या कागदांवर सही करायची होती. त्याआधी होडीतून एकदा आपल्या गल्लीवरून जायचं, असा झानेताने मनाशी पण केला होता. आपण होऊन तोंड उघडायचं नाही. पण गल्लीतल्या एकाने जरी नावाने हाक मारली, तर सही करायची नाही. रांगत जिने चढावे लागले तरी इथेच राहायचं.

होडी अरुंद कालव्यात शिरली. शिंपिणीच्या खिडकीत आता दोन अनोळखी पोरी फोटो काढत होत्या. त्यांनी झानेताला हात केला. बेकरीवाल्याच्या माडीवर खोल्या भाड्याने देण्याची पाटी होती.

कोपऱ्यावर समोरून दुसरी गोंडोला आली. तिच्या नावाड्याने गावच्या बोलीत विचारलं, "काय रे, एकटीच? हिच्या नवऱ्याला वाटेत बुडवलंस की काय?"

"मुकी आहे रे!" अल्वीझे त्याच बोलीत म्हणाला. "फोटो नाही, हसणं नाही. मढं फिरवून आणतोय झालं!"

झानेताला हसू फुटलं. दोन वर्षांत ही बोली कानावर पडली नव्हती. अजून चार शिव्या घाल मेल्या, असं तिला म्हणावंसं वाटलं.

मग तिचं घर आलं. समोर चेलेस्तेची खिडकी. तिथून दोघींनी जन्मभर मीठ मागितलं होतं, भांडणं केली होती, जावयांची गाऱ्हाणी सांगितली होती. चेलेस्ते ओला टॉवेल वाळत घालत होती. झानेताने घाईघाईने टोपी काढली. चेलेस्तेने गोंडोला पाहिली, तोंड वाकडं केलं आणि खाडकन खिडकी लावून घेतली.

पाहुण्यांची होडी आली की खिडकी आपटायची, ही रीत गल्लीत झानेतानेच पाडली होती. होडीत कोण बसलंय, हे तिनेही कधी पाहिलं नव्हतं. चेलेस्तेचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. आपल्याच दारात इतकं परकं तिला कधी वाटलं नव्हतं.

धक्क्यावर अल्वीझेने तिला हात देऊन वर घेतलं. "आवडलं का बाई?" त्याने पुन्हा इंग्रजीत विचारलं.

बाराला दहा मिनिटं होती. झानेताने टोपी नीट बसवली आणि त्याच्यासारख्याच मोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "फार सुंदर आहे हो तुमचं गाव."