चष्मा काढण्याची वेळ

जेवण झालं की शिंप्याची बायको त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायची आणि मुठीत धरून समोरच्या स्टुलावर डोळे मिटून बसायची. चष्म्याशिवाय त्याला सुईचं नाकसुद्धा दिसत नसे, त्यामुळे हातावर हात ठेवून बसण्यावाचून गत्यंतर नसायचं.

“अगं, गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“खोळंबू दे. घटकाभर गप्प बसणं, हीच माझी प्रार्थना. तुम्हाला जमत नसेल तर निदान मध्ये बोलू नका.”

ती गेल्यापासून मशीन दुपारचंही थांबेना. शेवटी लेक म्हणाली, “बाबा, जरा पाठ टेका की. कपडे काय पळून चाललेत?”

“टेकली असती गं. पण चष्मा कोण काढणार?”

लेकीने हात पुढे केला, तशी त्याने मान मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने स्वतःच चष्मा काढला आणि मुठीत धरला. सगळं धूसर झालं. इतके दिवस ज्या स्टुलाकडे बघायचं तो टाळत होता, ते रिकामं आहे की नाही, हे आता त्याला नीट दिसेना.

तो मध्ये काही बोलला नाही.