खुळखुळ्याचं लाकूड

वडिलांनी लेथ थांबवला आणि खुळखुळा सोडवून घेतला. अखंड लाकडातून उतरवलेला. दांड्यावर त्याच लाकडाच्या दोन सैल कड्या, हलवल्या की वाजणाऱ्या. रंग मात्र पिवळाधमक.

"बाबा, हे लाकूड कुठलं?" लेकीनं विचारलं. तिच्या कडेवरून छकुली खुळखुळ्याकडे झेपावत होती.

"ढिगात तळाशी होतं." त्यांनी अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. "साग नाही. शिसवही नाही. चिंच म्हणावी, तर इतकी पिवळी नसते."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही! अहो, हिला दात येताहेत. दिसेल ते तोंडात घालते. काल माझी चप्पल चघळत होती. हे विषारी निघालं तर?"

"चप्पल पचली ना?"

हल्ली ते थट्टाही वजन सांगितल्यासारखी, कोरड्या आवाजात करत. लेकीला हसू आलं नाही.

पायाशी पडलेला एक छिलका उचलून त्यांनी हुंगला, मग तिच्यापुढे धरला. "काही वास?"

"मला नाही येत. आईनं बरोबर ओळखलं असतं."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. वडिलांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आई गेली त्या दिवशीही हलली नव्हती. धीराचा माणूस, असं शेजारीपाजारी म्हणाले होते.

"चावून बघतो," म्हणत त्यांनी छिलका दाढेखाली धरला. शांतपणे चावत राहिले. त्यांचं बघून छकुलीही रिकामं तोंड हलवू लागली.

"कसं लागतंय?"

"कसंच नाही. दे तिला." त्यांनी खुळखुळा पुढे केला.

लेक तो घेणार होती. पण काय वाटलं कोण जाणे, खाली वाकून तिनं एक छिलका उचलला आणि जिभेवर ठेवला.

पुढच्या क्षणी ती छकुलीसकट नळाकडे धावली. थुंकली, चुळांवर चुळा भरल्या, तरी चव जाईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अहो, कडूजहर आहे हे!"

"असं?" वडील म्हणाले. त्यांचा जबडा चालूच होता.

ती परत आली. त्यांच्या हातातला खुळखुळा काढून तिनं छिलक्यांच्या ढिगात टाकला. मग रोज छकुलीच्या तोंडापुढे धरते, तसा ओला तळवा तिनं त्यांच्या हनुवटीखाली धरला.

"बाबा, थुंका."