गिरवणारे हातमोजे

पहिलीतल्या सगळ्या मुलांचं अक्षर एकसारखं, एकाच कणसातल्या दाण्यांसारखं. वारलेल्या जुन्या शिक्षिका दमयंतीबाईंच्या हाताचं वळण भरलेले यांत्रिक हातमोजे मुलांचे हात धरून गिरवून घेत.

नव्या शैलाबाईंनी जाईच्या हातातला मोजा अलगद काढला. "आता तुझा तू 'अ' काढ गं, राणी. वाकडा आला तरी चालेल. मला तुझाच बघायचाय."

जाईनं पाटीवर 'अ' काढला. तो दमयंतीबाईंचाच होता.

"अगं, तुझा काढ ना!"

"बाई, मी नाही काढत. हातच काढतो." जाई रडवेली झाली.

शैलाबाईंनी तिचा हात हातात घेतला. क्षणभर तो निमूट राहिला. मग त्या इवल्या बोटांनी बाईंचीच बोटं मायेनं धरली आणि त्यांच्याकडून 'अ' गिरवून घ्यायला सुरुवात केली.