तेजलला आलेला प्रश्न

हेमलता धामणे ऑनलाइन रुग्णसेवा शिकवत. त्यांच्या वर्गात आता कॉपी होत नसे, कारण विद्यार्थ्याच्या घरच्यांच्या आरोग्याच्या नोंदी वाचून संगणकाची यंत्रणा प्रत्येकाला निराळा प्रश्न देई. कल्पना बाईंचीच होती.

सोमवारी सकाळी वेंगुर्ल्याहून तेजलचा व्हिडिओ कॉल आला.

"मॅडम, माझा प्रश्न ऐका. 'साठीच्या निवृत्त शिक्षिकेला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. तिच्या मुलीने तिचा दिनक्रम कसा आखावा?' हे कुठून आलं?"

"काल्पनिक असेल गं," म्हणत बाईंनी प्रश्नामागची नोंद उघडली. समोर तेजलच्या आईचा, कुडाळच्या दवाखान्यातला तीन आठवड्यांपूर्वीचा स्मृती-तपासणी अहवाल होता.

"माझी आईसुद्धा निवृत्त शिक्षिका आहे," तेजल म्हणाली. "मागच्या महिन्यात एकटीच कुडाळला जाऊन आली. दात दाखवायला, म्हणाली."

खोटं बोलणं सोपं होतं, पण बाईंच्या तोंडून ते निघेना.

"तुला दुसरा प्रश्न देते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"म्हणजे हा खरा आहे."

तेजलने कॉल बंद केला नाही, आणि बाईंनाही तो बंद करवेना.