धाकटीची फुलपाखरं

माळरानावरून आणलेल्या एकाच रानफुलाची मुळं दोघी जावांनी वाटून घेतली आणि मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपापल्या अंगणात लावली. थोरलीने आपलं झुडूप असं निगुतीने जपलं, की एक पान कुरतडलेलं दिसेल तर शपथ. धाकटीच्या पानांची पार चाळण झालेली, तरी फुलपाखरांची झुंबड मात्र तिच्याकडेच. पुढे सासूबाईंची खुर्चीही चहाच्या कपासकट तिकडे सरकली, तेव्हा थोरलीच्या पोटात दुखायलाच लागलं.

शेवटी मनाला मुरड घालून तिने भिंतीवरून विचारलं, "काय गं, खत तरी कुठलं घालतेस एवढं?"

"खत कसलं, जाऊबाई! तुम्ही रोज सकाळी अळ्या वेचून माझ्या अंगणात फेकता ना, त्यांनाच तर पंख फुटतात."